उस्ताद कोण?

हेवी गाडीचं लायसन माझ्या हाती आलं तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांचा होतो आणि आधीच थकलेला होतो. आमच्या तांड्यात पोस्टमन चढत नाही. खालच्या गावातल्या किराणा दुकानात तो सगळ्यांची टपालं ठेवून जातो. दुकानदारानं माझा लिफाफा फोडून पाहिलेलाच होता. फोटो काही चांगला आला नाही, म्हणाला. फोटोतला माणूस तेरवीच्या पंगतीतून उठून आल्यासारखा दिसत होता हे खरं, पण ते यानं सांगायची गरज नव्हती. मी कार्ड खिशात घातलं आणि चढण चढून घरी आलो. बायकोनं ते उलटसुलट करून पाहिलं, पदरानं पुसलं आणि राशनकार्डाच्या डब्यात ठेवलं. त्या एवढ्याशा प्लास्टिकवर काय काय लटकलेलं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुसदच्या बाजूला आमचा तांडा. दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि माणसं ऊस तोडायला जातात. आमच्या आजे-पणजांनी बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखच्या मुलूख पालथे घातले. आम्ही ट्रॉलीत बसून जातो, एवढाच फरक. तिकडं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे एक नवरा-बायको. तो तोडतो, ती मोळी बांधते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते. चौदा हिवाळे आम्ही दोघं मिळून एक कोयता होतो. चौदाव्या हिवाळ्यात एका सकाळी ती मोळी घेऊन फळीच्या मध्यावर गेली आणि तिथंच थांबली. वर जाता येईना, खाली येता येईना. दोघा-तिघांनी मिळून तिला उतरवलं.

पुसदच्या डॉक्टरनं पाठीचा फोटो काढला आणि सांगितलं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, नाहीतर पाय कामातून जातील. तिनं विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, आता कायमचंच. 

मुकादम आमच्या लांबच्या नात्यातला. वाईट माणूस नव्हता. मी त्याला म्हणालो, मी एकटा येतो, माझ्या एकट्याचं काय ते दे. तो तंबाखू मळत म्हणाला, "अर्धा कोयता नाई घेत कोणी. आनतो त पुरा आन." तो गोरबोलीत बोलला होता, आमच्या घरातही तीच बोली चालते, इथं मी ती मराठीत करून सांगतोय. पण 'अर्धा कोयता' हे शब्द त्याचेच. बायको दारात उभी होती. तिनं ते ऐकलं.

आता गोष्ट अशी होती की दसऱ्यापर्यंत मला दोन माणसांच्या कमाईचं एकट्यानं करायचं काम मिळालं तर ती घरी राहणार होती. नाही मिळालं तर ती पाठीला पट्टा बांधून परत फळीवर चढणार होती. ती तसं बोलली नव्हती, पण पट्टा तिनं विकत आणून ठेवला होता.

ट्रकचं माझ्या डोक्यात कसं आलं हे सांगायला फार विचार करावा लागत नाही. ज्या ट्रकात ती मोळ्या चढवायची त्याच्या ड्रायव्हरकडं पाहत मी चौदा वर्षं काढली. तो बसलेला असायचा. बसून करायचंही काम असतं आणि त्याचे आपल्या दोघांहून जास्त पैसे मिळतात, याचं मला दरवर्षी नव्यानं नवल वाटायचं. पेरणीच्या दिवसांत मी दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवायचो, त्यासाठी लहान गाडीचं लायसन काढलेलं होतं. मग यवतमाळला एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. महिनाभर शिकलो. स्कूलचा ट्रक माझ्या लग्नाच्या आधीचा असावा. शिकवणारा डाव्या सीटवर बसायचा आणि बायपास लागला की झोपायचा. त्याला जाग यायची ती मी गिअर अडकवला की. तरी टेस्ट पास झालो. मागं घ्यायला सांगितलेली गाडी मी इतकी सरळ मागं घेतली की आरटीओच्या साहेबानं दुसऱ्यांदा पाहिलं. त्या एका गोष्टीवर मी पुढं दोन महिने जगलो.

सगळे सांगायचे, ड्रायव्हर मिळत नाहीत, मालक हातापाया पडतात. मोबाईलवर तर रोज यायचं, ड्रायव्हर पाहिजे, पगार भरपूर, राहणं-खाणं मोफत. मला त्या 'भरपूर' शब्दाचा आता वैताग येतो. पुसदला तीन ट्रान्सपोर्टवाल्यांकडं गेलो, दिग्रसला, दारव्ह्याला, यवतमाळला बायपासवर दिवसच्या दिवस उभा राहिलो. प्रत्येक ठिकाणी मी खिशातून लायसन काढायचो आणि समोरचा ते हातातही घ्यायचा नाही. तो एकच विचारायचा, "उस्ताद कोण?"

पहिल्यांदा मला प्रश्नच कळला नाही. मी स्कूलचं नाव सांगितलं. टेबलाभोवतीची चार माणसं हसली. ट्रक शिकायची रीत वेगळीच असते, हे मला तेव्हा कळलं. पोरवयात कुण्या ड्रायव्हरच्या गाडीवर क्लिनर म्हणून चढायचं, चार-पाच वर्षं काच पुसायची, ताडपत्री बांधायची, शिव्या खायच्या, आणि मग एखाद्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर उस्ताद म्हणतो, बस. ते खरं लायसन. सरकारचं कार्ड नंतर कधीतरी पोलिसांसाठी काढायचं. माझं सगळं उलटं झालं होतं. कार्ड होतं, उस्ताद नव्हता. एकानं मला क्लिनरची जागा देऊ केली. तुमचं वय झालंय पण चालेल, असंही म्हणाला. दुसऱ्यानं मुरमाचा टिप्पर देतो म्हणून सांगितलं. त्याचा रोज आमच्या गावच्या सोयाबीन काढणीच्या मजुरीएवढा.  संध्याकाळच्या बसनं परत यायचो, आणि बायको ताट पुढं करायची.

अशाच एका दुपारी यवतमाळच्या बायपासवर चहाच्या टपरीवर एक म्हातारा मिस्त्री भेटला. माझं रडगाणं त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, उस्ताद असावा तर बोरीच्या उस्तादासारखा. बोरी अरबचा तो माणूस. या जिल्ह्यातले निम्मे ड्रायव्हर त्याच्या हाताखालून गेलेत, त्याचं नाव सांगितलं की पुढं कुणी काही विचारायचंच नाही. मी विचारलं, आता कुठं भेटतील? मिस्त्रीनं बशीतला चहा संपवला आणि मान हलवली.

"उस्ताद आता कुठं राह्यले," तो म्हणाला.

मी ते ऐकलं आणि मला जे हवं होतं तेच ऐकलं. बोरीचा उस्ताद गेला. आमच्याकडं मेलेल्या माणसाबद्दल असंच म्हणतात. पण धंदा सोडून घरी बसलेल्या माणसाबद्दलही असंच म्हणतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? लहानपणापासून ठाऊक होतं. मी विचारू शकत होतो. विचारलं नाही. चहाचे पैसे दिले आणि उठलो, आणि चालता चालता मला थोडं हलकंच वाटत होतं, हे सांगायला आज लाज वाटते.

दसऱ्याला दहा-बारा दिवस उरले असताना मी झरी जामणीकडं गेलो. तिकडं चुनखडीच्या आणि सिमेंटच्या गाड्या चालतात, पगार या भागात सगळ्यांत चांगला, असं ऐकलं होतं. पांढरकवड्याहून पुढं सागाच्या जंगलातून बस चालत राहते आणि मधेच कुठंतरी धुळीनं सगळी पानं पांढरी झालेली दिसायला लागतात; तिथून गाड्यांचा मुलूख सुरू. एका शेठच्या बारा गाड्या होत्या. टिनाच्या शेडमध्ये बसला होता, पायात स्लीपर, हाताला ऑईल. शेठ म्हणून मी भलत्याच माणसाला हात जोडले होते. त्यानंही लायसन पाहिलं नाही.

"उस्ताद कोण?"

"बोरीचे," मी म्हणालो.

त्यानं वर पाहिलं. मग उठून स्वतःच्या हातानं माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि चहा सांगितला. तो स्वतः सात वर्षं बोरीच्या उस्तादाकडं क्लिनर होता. मला म्हणाला, म्हणजे आपण एकाच घरचे. किती वर्षं होता त्यांच्यापाशी? मी म्हणालो, दोन-तीन, मधूनमधून. खोटं एकदा सुरू केलं की त्याला जोडकामं फार लागतात. 

मग त्यानं ट्रायल घेतली. दहाचाकी रिकामी गाडी, खाणीच्या वजनकाट्यापर्यंत जायचं आणि यायचं. मी दार उघडलं, चढलो, बसलो, गाडी सुरू केली. शेठ क्षणभर खालीच उभा राहिला, मग बाजूच्या सीटवर चढला. रस्ता खराब होता, पण मी शेतातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर चालवलेला माणूस. खड्डे मला नवे नव्हते. गाडी नीट नेली, नीट आणली, आणि शेडमध्ये उलटी लावली, सरळ रेघेत. शेठ म्हणाला, दसऱ्याची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी ये. पगार पंचवीस हजार, भत्ता वेगळा. मी बाहेर येऊन तिथंच रस्त्याच्या कडेला उभा राहून बायकोला फोन केला. ती फक्त हं म्हणाली. दोनदा म्हणाली.

फोन ठेवून मी परत आत गेलो तर शेठनं एक पिशवी पुढं केली. तिच्यात शर्टपीस, टॉवेल, टोपी आणि नारळ. दरवर्षी दसऱ्याच्या आधी उस्तादांना पाठवतो, म्हणाला, यंदा तुझ्या हातानं जाऊ दे. मला वाटलं वर्षश्राद्धाचा काही प्रकार असेल. मी विचारलं, घरी कुणाला द्यायचं?

"घरी कायले?" शेठ म्हणाला. "उस्तादच्या हातात दे. नजर गेली त्यायची, पण वळखतेत."

बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन मी पांढरकवड्यापर्यंत बसलो आणि नारळाच्या शेंडीकडं पाहत राहिलो. पिशवी न देताही चाललं असतं, असं एकदा मनात आलं. पण शेठ फोन करणारच होता.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो तर बायकोनं माझ्या आधीच सगळं उरकलं होतं. मुकादमाच्या घरी स्वतः जाऊन सांगून आली होती की आमचा कोयता यंदापासून सुटला. दोन्ही कोयते, माझा आणि तिचा, आपल्या भावजयीला देऊन टाकले होते. पट्टा तेवढा ठेवला होता, पाठीला नाही, मला लाकडाची मोळी बांधायला. चौदा वर्षांत मी तिला असं हलक्या हातानं भांडी ठेवताना पाहिलं नव्हतं. मी बोरीला जातो म्हणालो तर तिनं विचारलं, कोण तिथं? ज्यांच्यापाशी शिकलो ते, मी म्हणालो. तिला वाटलं, स्कूलमधले मास्तर. तिनं घरच्या तुरीची दोन किलो डाळ फडक्यात बांधून दिली. शिकवलेल्या माणसाकडं रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणाली. मला ते फडकं घ्यायला हात उचलवेना, पण घेतलं.

बोरीत घर शोधावं लागलं नाही. रस्त्यालाच लागून होतं. अंगणात जुन्या ट्रकचं ड्रायव्हर-सीट खांबाला टेकून ठेवलेलं, त्यावर एक म्हातारा बसलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. मी थोडा वेळ समोरच्या बाजूला उभा राहिलो. रस्त्यानं ट्रक जात होते, आणि त्यातला एखादा घरासमोर आला की दोनदा आखूड हॉर्न द्यायचा. म्हातारा हात वर करायचा आणि कुणाचं तरी नाव पुटपुटायचा. शिकून गेलेले असे राम राम करून जातात, हे मला नंतर त्यांच्या सुनेनं सांगितलं. त्या वेळी मी एवढंच पाहिलं की म्हाताऱ्याचा हात दर दहा मिनिटांनी वर जातो.

मी राम राम केला, पिशवी हातात दिली, शेठचं नाव सांगितलं. त्यांनी टॉवेल चाचपला, नारळ कानाशी हलवून पाहिला. बाजूला ठेवला. मग म्हणाले, शेठचा फोन आला होता. तुमचा शेवटचा चेला येतो आहे म्हणाला.

"बस," ते म्हणाले. "आता मी तुले काय शिकवलं, थे सांग बरं."

रस्त्यावरून एक गाडी गेली, तिनं हॉर्न दिला. त्यांनी या वेळी हात वर केला नाही. ते थांबले होते.  येताना बसमध्ये मी दोन-चार वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यांतलं एकही आठवेना.

"काहीच नाई शिकवलं," मी म्हणालो. "मले वाटलं तुम्ही राह्यले नाई."

"म्हंजे मेलेला माणूस नाई म्हणायले येत नाई," ते म्हणाले. "बराबर?"

मी हो म्हणालो. त्यांना राग आला होता की नाही, काळ्या चष्म्यामुळं कळेना. त्यांनी विचारलं, शेठला तुझं खोटं कधी कळलं माहीत आहे का? मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, माझ्या हाताखालचा एकही माणूस टायर ठोकून हवा पाहिल्याशिवाय सीटवर चढत नाही. तू दार उघडलं आणि सरळ चढून बसला. शेठला तिथंच कळलं. म्हणून तर पिशवी तुझ्या हाती दिली.

म्हणजे मी काट्यापर्यंत इतकी झोकात गाडी नेली, उलटी लावली, ते सगळं वाया. खेळ पहिल्या पायरीवरच संपला होता आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खाली मातीत बसलो आणि मग सगळंच सांगून टाकलं. पाठ, फळी, मुकादम, दिलेले कोयते. ही डाळ तिनं तुमच्यासाठी दिली, तुम्ही मला शिकवलं असं तिला वाटतं, हेही सांगितलं.  त्यांनी फडक्याची गाठ सोडून डाळ बोटांनी चाळली आणि सुनेला हाक मारली. ही आजच शिजव म्हणाले.

जवळच एका अडत्याच्या गोदामासमोर सोयाबीन भरायला दहाचाकी उभी होती, त्यांच्याच एका चेल्याची. त्यांनी मला हाताला धरून तिथवर न्यायला लावलं, उलट्या डब्यावर बसले आणि माझ्या हाती टामी, चाक खोलायची लोखंडी कांब, दिली.

"ठोक. अन् कोनता टायर बसला थे सांग."

मी दहाही टायर ठोकले. मला सगळ्यांचा आवाज एकच वाटला. तसं सांगितलं. ते म्हणाले, परत. मी परत ठोकले. भरणारे हमाल थांबून पाहत होते. चाळिशीला आलेला माणूस गाडीभोवती टामी घेऊन फिरतोय आणि आंधळा म्हातारा परत म्हणतोय. तिसऱ्या फेरीला मी चिडून जोरात हाणले. चौथ्याला थकून हळू ठोकले, आणि डाव्या अंगाच्या मागच्या जोडीत, आतल्या टायरवर, आवाज खाली बसलेला ऐकू आला. बाकीचे खणखणत होते, हा नुसता ठप्प म्हणाला. मी तिथंच थांबलो.

"हां," उस्ताद म्हणाले. "थोच. मले पहिल्याच बारीले आयकू आलता."

तीन दिवस मी बोरीत राहिलो. त्यांच्या ओसरीवर झोपायचो, दिवसभर गोदामावर येणाऱ्या गाड्यांवर राबायचो. ताडपत्रीची गाठ, दोराचा पीळ. सकाळी गाडी सुरू केली की ब्रेकची हवा भरेपर्यंत जागचं हलायचं नाही, मालक कितीही ओरडला तरी. भरल्या गाडीनं घाट ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ते फार बोलायचे नाहीत. मी चुकलो की फक्त परत म्हणायचे. घरी मी कुणाचं एवढं ऐकून घेत नाही. दुसऱ्या दिवशी हात सुजले, आणि ऊसतोडीतले हात सुजायचे त्याहून हे सुजणं मला जास्त लागलं, का ते सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सुनेला शेठचा नंबर लावायला सांगितला. मी समोरच होतो. मनात म्हणालो, आता एवढं केलं, एक शब्द हो म्हणाले की झालं.

"माहाच चेला हाये," ते फोनवर म्हणाले. "पन तीन दिवसाचा हाये. सीट नोको देऊ आत्ता. होळीपर्यंत दुसऱ्या सीटवर बसव."

मला राग आला. तो मी लपवला नाही. दुसऱ्या सीटवर बसायचं म्हणजे क्लिनरकी, आणि पगार निम्मा. माझ्या निम्म्या वयाच्या ड्रायव्हरची काच मी पुसायची. एवढं सगळं ऐकूनही यांनी तेच केलं. मी म्हणालो, तुम्ही हो म्हणाला असता तर तुमचं काय गेलं असतं?

त्यांनी फोन सुनेकडं दिला. मग म्हणाले, "तिची पाठ गेली म्हनून तू आला. घाटात तू गेला, मंग थिनं कोनाकडं जावं?"

 निघताना मी त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, सीटवर बसशील त्या दिवशी इथून जाताना दोनदा हॉर्न दे, मी ऐकत असतो. फडकं धुऊन वाळवून ठेवलेलं सुनेनं परत दिलं.

दारव्हा, दिग्रस, पुसद. बसमध्ये मी हिशेब करत नव्हतो, फक्त थकलो होतो. होळीपर्यंत पाच महिने. निम्म्या पगारात घर चालेल, पण ओढून-ताणून. कोयते गेले होते, मुकादमाची टोळी ठरली होती. मी तिला काय सांगणार होतो? की मी खोटं बोललो, पकडला गेलो, आणि आता या वयात क्लिनर झालो. तांड्याची चढण चढताना मी दोनदा थांबलो. एका ठिकाणी तर दगडावर बसलोच.

ती अंगणात उलट्या पिंपावर बसून शेंगा निवडत होती. आता ती खाली बसत नाही. मी सगळं सांगितलं. टपरीवरचा मिस्त्री, मेलेला समजलेला माणूस, टायर, फोन. काही गाळलं नाही. मधे ती एकदाच बोलली, डाळ पोचली का, असं विचारलं. मी फडकं तिच्या हातात दिलं. मग म्हणालो, होळीपर्यंत दुसऱ्या सीटवर, अर्ध्या पगारात.

तिनं फडक्याची घडी घातली, मांडीवर ठेवली, त्यावरून हात फिरवला. मी ती चिडायची वाट पाहत होतो.

"म्हंजे अर्धा कोयता बी घेतेत कोणीतरी," ती म्हणाली.